नवव्या दांड्याचा आकडा

२०१६ च्या उन्हाळ्यात मी सात आठवडे उत्तर ध्रुवाजवळच्या एका संशोधन केंद्रावर होतो. डब्लिनच्या विद्यापीठात यंत्रं सांभाळायची माझी कंत्राटी नोकरी होती. आम्ही तिघं गेलो होतो: मी, एक आयरिश तंत्रज्ञ बाई आणि आमचे प्रमुख. प्रमुख पुण्याचे. डब्लिनच्या मराठी मंडळींत त्यांना फार मान, आणि त्यांना स्वतःलाही स्वतःबद्दल तेवढाच.

काम अगदी साधं होतं. हिमनदीत अॅल्युमिनियमचे बारा दांडे रोवलेले होते. रोज प्रत्येक दांडा किती उघडा पडला ते मोजायचं, म्हणजे बर्फ किती वितळला ते कळतं. लांबचे सहा आम्हा दोघांकडे. जवळचे सहा प्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, स्वतःकडे घेतले, कारण ते केंद्राच्या खिडकीतून दिसायचे.

खिडकीतून दिसायचे, एवढंच त्यांना पुरलं. तिसऱ्या आठवड्यात रात्रभर बर्फ पडला. सकाळी परतताना आम्ही जवळच्या दांड्यांवरून आलो. ताज्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं आणि नववा दांडा आडवा पडला होता. संध्याकाळी वही उघडली तर नवव्यासमोर आकडा होता, दशांशासकट.

मी विचारलं. सर मोजे वाळत घालत होते. म्हणाले, "अरे, कालचा न् परवाचा बघून धरला. फरक पडून पडून किती पडणार? इट्स ग्रँड, चालतंय."

हा माणूस चहासाठी मात्र दिवसातून पाच वेळा उठायचा.

मी गप्प बसलो. आयर्लंडला परतल्यावरही चार महिने गप्पच होतो. मग डब्लिनजवळच्या डून लेरीत एका हॉलमध्ये मराठी मंडळींसमोर त्यांचं व्याख्यान झालं. वादळात गुडघ्यांवर रांगत आपण नवव्या दांड्यापर्यंत कसे पोचलो, ते त्यांनी सांगितलं. लोकांचे डोळे पाणावले. माझी बायको टाळ्या वाजवत होती. ओंगारला, आम्ही बरीच मराठी मंडळी राहतो त्या उपनगरात, परतताना मी तिला गाडीत सगळं सांगितलं. तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "आणि तू तिथे बसून ऐकलंस?"

सरांबद्दल मला जी किळस होती, ती त्या क्षणी माझ्याकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठातल्या विभागप्रमुखांना लेखी कळवलं. तंत्रज्ञ बाईंनीही न मागता सही केली. चौकशी झाली, सहा दांड्यांचे आकडे रद्द झाले आणि त्यावर लिहिलेला शोधनिबंध मागे घेतला गेला. सरांनी चूक कबूल केली नाही. थंडीत वहीत गोंधळ झाला म्हणाले. वर्षभरात त्यांना दुसऱ्या देशात याहून मोठं पद मिळालं. निरोप समारंभाला अर्धा ओंगार लोटला होता.

माझं कंत्राट वाढलं नाही. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. मंडळातले काही लोक अजून मला म्हणतात की आपल्याच माणसाचे पाय ओढायला नको होते.