दहांतले ते दोघे कोण?

माझी थोरली बहीण पंख्यांच्या मोटारी भरते. म्हणजे जळालेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. दुकान वडिलांचं, विद्याही वडिलांचीच. अख्ख्या बाजारात या धंद्यात बाई ती एकटीच, आणि तिच्याइतकं फटकळ माणूस तर पुरुषांतही सापडायचं नाही. "होईल ना दुरुस्त?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की उत्तर ठरलेलं. "नाही सांगता येत. ठेवून जा." तरी लोक ठेवून जायचे, कारण दुसऱ्यांनी भंगारात काढलेल्या मोटारी तिच्या हातून फिरत बाहेर पडायच्या.

अशी ही बाई एका वर्षी बसलीच. आधी छातीत धडधड. मग दुकानाचं शटर उघडायला हात वर होईना. मग जेवण सुटलं, अंघोळ सुटली, बोलणं सुटलं. एके दिवशी मला म्हणाली, "मी नसते तर तुमचा एक व्याप कमी झाला असता." ती एकटी राहते. त्याच दिवशी मी कपडे घेऊन तिच्याकडे राहायला गेले. नवऱ्याला सांगितलं, तुमचं तुम्ही बघा, हिला आता एकटं सोडायची सोय नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बोलून उपचार करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. तिथे आधी एक फॉर्म भरायचा. तो कॉम्प्युटरमध्ये घातला की कुणाला या बोलण्याचा फायदा होईल ते कळतं म्हणे. मॅडम दोनच आणि बाकावर माणसं मावत नव्हती, त्यामुळे मला ते पटलंही होतं.

वय किती, घरी कोण, त्रास किती वर्षं. ताईने सगळं खरं खरं लिहिलं. शेवटी प्रश्न होता, या उपचाराने बरं वाटेल असं तुम्हाला किती वाटतं, शून्य ते दहा. ताईने शून्य लिहिलं.

मी कोपराने ढोसलं. "अगं, निदान पाच तरी लिही!"

"अजून उघडून कुठे बघितलंय? खोटं कसं लिहू?"

झालं. पुढच्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी या. बोलण्याच्या उपचाराचा यांना फायदा होण्याची शक्यता कमी दिसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या शून्यामुळे ना? अहो मॅडम, ती पंख्यांनासुद्धा हेच म्हणते!"

मॅडम माझ्या मुलीच्या वयाची. बिचारी ओशाळली. कागद आमच्याकडे फिरवून हळूच म्हणाली, "हवं तर हे उत्तर बदला. सात केलंत तरी नंबर लागेल."

मी पेन उचललं. ताईने ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं.

"शून्य राहू दे."

"अगं ए शहाणे, नंबर जाईल!"

आठवडाभर धड चार शब्द न बोललेली माझी बहीण माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, "शक्यता कमी म्हणजे किती?"

"तुमच्यासारख्या दहाजणांत दोघांना फायदा होतो."

"ते दोघे कोण?"

"ते... तसं नाही सांगता येत."

"मग मी बसते," ताई म्हणाली. "आज जो येणार नाही, त्याच्या वेळेत मला घ्या."

आणि खरंच बाहेर बाकावर जाऊन बसली. मला वाटलं, आता शिपाई येऊन हाकलणार. पण अकराला ज्याची पाळी होती, ज्याला हमखास फायदा होणार असं कॉम्प्युटरने सांगितलं होतं, तो गृहस्थ उगवलाच नाही. मॅडमने स्वतः येऊन दार उघडलं.

तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही बाकावर. कधी आत घ्यायचे, कधी तीन तास बसून हात हलवत परत. आत काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी खनपटीला बसले तर म्हणायची, "तुला काय करायचंय?" एवढंच कळलं की मॅडमने शटर वीतभर उचलायला सांगितलं होतं. भीती गेल्यावर नाही, भीत भीतच. उचलून तिथेच उभं राहायचं, धडधड उतरेपर्यंत. पहिल्या दिवशी ताई रस्त्याकडेला ओकली. मी म्हटलं, "पुरे झाले हे चाळे, घरी चल." दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती. दीड महिन्याने शटर पुरतं वर गेलं. आतली धूळ बघून मलाच शिव्या घातल्या, मी झाडून ठेवली नाही म्हणून! ते ऐकून मला कोण आनंद झाला.

पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. काही सकाळी अजूनही उठवत नाही तिला. गोळ्या चालूच आहेत.

सात महिने झाले तेव्हा एके दुपारी तिने माझे कपडे घड्या घालून पिशवीत भरले.

"जा आता नवऱ्याकडे. किती दिवस माझ्या उरावर बसणार आहेस?"

"आणि तुला काही झालं तर?"

"तर फोन करीन. मी काय मुकी आहे?"

मी हटून बसले. वाद घालून घालून दोघींचे घसे बसले. शेवटी तिने पिशवी जिन्यात नेऊन ठेवली, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला. सात महिने मी तिला न्हाणीघराचीसुद्धा कडी घालू दिली नव्हती. जिन्यातच बसून मी ढसाढसा रडले, आणि मग घरी गेले.