मशीन बुढी झाली

बाबूजी रेकॉर्डच्या मशीनला नावं ठेवायला लागले तेव्हा मला आधी हसू आलं, मग रागच आला. उभ्या हयातीत त्यांनी कधी मशीनला दोष दिला नव्हता. तिरोड्यापासून पार बोदलकशापर्यंत, लग्न असो की दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा, लाऊडस्पीकर बाबूजींचाच. भोंगा झाडाला बांधायचा, मशीन खाटेवर मांडायची आणि भोंग्याखालीच दिवसभर बसून राहायचं, असा त्यांचा धंदा. आई गेल्यावर ते गोंदियाला माझ्याकडे राहायला आले ते कपड्यांची एक पेटी, ती मशीन आणि रेकॉर्डी घेऊन. रोज सकाळी चहासोबत एक रेकॉर्ड लागायची. हळूहळू ती एक दिवसाआड लागायला लागली, मग आठवड्यातून एकदा. आणि एके दिवशी त्यांनी मशीनवर टॉवेल टाकून ठेवला.

"कायले झाकली?" मी टॉवेल उचलून विचारलं.

"बुढी झाली. झांज ऐकूच नाई येत."

गाणं ही त्यांची एकच आवड उरली होती. तीही सुटली तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल, अशी मला धास्ती वाटली. म्हणून नवी मशीन घ्यायची ठरवली. बाजारातल्या जुन्या मेकॅनिकला आधी जुनी मशीन दाखवली, तर तो म्हणाला, "दीदी, पहले सुई बदलो. मशीन बाद में देखना." सल्ला शहाणपणाचा होता. पण मी शाळेची मुख्याध्यापिका. मला सल्ला द्यायची सवय, घ्यायची नाही. नागपूरहून नवी मशीन मागवलीच.

मशीन आली तशी बाबूजींनी ती चारही बाजूंनी पाहिली आणि आपल्या डबीतून जुनी चारआणी काढून सुईच्या दांड्यावर चिकटवली. भोंगेवाल्यांची ही रीतच. मंडपात नाचणाऱ्यांनी जमीन हादरली की सुई उडी मारते, गाणं भलतीकडे जातं आणि वरबाप चिडतो. म्हणून दांड्यावर वजन. आता माझ्या बैठकीत कोण नाचणार होतं?

"काढा ते, बाबूजी! रेकॉर्ड घासून जाईल!"

"सुई उडते ना मंग."

"नाई उडत."

त्यांनी तोंड पाडून चारआणी काढली. मी त्यांची लाडकी रेकॉर्ड लावली; पहिल्या बाजूला मंडईत ढोलकी-झांजेवर नाचतात त्या दंडारीचं गाणं होतं.

खरं सांगते, फरक पडतो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी कळला. जुन्या मशीनवर सगळं गाणं रजईखालून आल्यासारखं यायचं. आता ढोलकी वेगळी ऐकू येत होती, बाई कडवं उचलण्याआधी घेते तो श्वासही ऐकू येत होता. आणि झांज अशी खणखणीत, की अंगावर काटा आला. यातला अर्धा गुण नव्या सुईचा असेल, मेकॅनिकचंच खरं असेल. पण त्या वेळी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

बाबूजी डोळे मिटून बसले होते. एक बाजू संपली, मी रेकॉर्ड उलटवली. दुसऱ्या बाजूला पाळण्याचं गाणं होतं, नुसत्या पेटीवर म्हटलेलं. बाबूजींचे डोळे मिटलेलेच होते आणि गुडघ्यावर बोटं चालत होती, ती मात्र दंडारीच्या ठेक्यात.

"कसं वाटून राहिलं?" मी त्यांचा हात हलवून विचारलं.

"एकदम मस्त. झांज पाह्य कशी साफ वाजून राहिली."

गप्प बसायला हवं होतं, पण ते मला जन्मात जमलेलं नाही.

"बाबूजी, याच्यात झांज नाई," मी जोरात म्हटलं. "मी बाजू पलटवली."

त्यांनी डोळे उघडले. फिरणाऱ्या रेकॉर्डकडे पाहिलं.

"तू एवढ्या हौसेनं आणली," ते म्हणाले. "जुनी मशीनबी चांगलीच होती. मलेच ऐकू नाई येत. इकडे आलो तवापासून कमी कमीच होऊन राहिलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"भोंगेवाल्याचे कान गेले, हे कोणाले सांगू?"

मला रडू फुटलं, आणि रडता रडता संतापही आला. "दोन वर्षं झाली! रोज जेवताना मी बोलते, तुम्ही माना हालवता. ते काय होतं मंग?"

"आता आलं ना ऐकू," बाबूजी म्हणाले. "तू चिडली का एक एक शब्द समजते. हळू बोलली का नुसतं तोंड हालताना दिसते."

माझा आवाज अख्ख्या खानदानात बदनाम. आई नेहमी म्हणायची, पोरगी बोलते का भांडते तेच कळत नाही. म्हणून बाबूजी आले त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं, या माणसावर आवाज चढवायचा नाही. दोन वर्षं मी जिवाचा आटापिटा करून त्यांच्याशी हळू, गोड बोलत होते. एकदोनदा तोल गेला, तर रात्रभर स्वतःला बोल लावला.

मी मशीन बंद केली. त्यांच्या शेजारी बसले आणि शाळेच्या मैदानावर हाक मारावी तशी ओरडून विचारलं, "संध्याकाळी जेवायले काय करू?"

"काई पण कर," ते म्हणाले. "पण काल जेवताना काय सांगून राहिली होती, ते आधी सांग."