थर्मासमधला दुसरा बर्फ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढंही कधी तोंड उघडलं नाही — त्याला माहीतच असेल म्हणून, की त्याच्यासमोरही माझा ‘बाई’ म्हणून असलेला मान सोडवेना म्हणून, कोण जाणे. तुम्ही आमच्या गावचे नाही, शांताला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतेय. नाहीतर आजही जीभ उचलली नसती.

मी बेळगावात एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. घर बेळगुंदीत, शाळा बेळगावात, मधे रोजची स्कूटी. गल्लीत मला कुणी नावानं हाक मारत नाही, लहानथोर सगळे ‘बाई’च म्हणतात. बाई म्हणाल्या म्हणजे झालं, पुढं कुणी विचारत नाही. मला ते आवडायचं. फार आवडायचं — हे आधीच कबूल करून टाकते.

आमच्या गल्लीत प्रत्येकीच्या परसात कोंबड्या. पण पिल्लं हाती लागायची नाहीत. तीन-चार आठवड्यांची झाली की एकेक मान टाकायचं. राणीखेत. गल्लीत नुसतं ‘मर आली’ म्हणतात आणि गप्प बसतात. त्यावर लस असते, सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, बस. पण एका कुपीत शंभर पिल्लांची लस, आणि कुपी फोडून पाणी मिसळलं की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ-दहा पिल्लांसाठी ती आणणार कोण? मग मीच तोडगा काढला. सगळ्यांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच दिवशी अंड्यांवर बसवायच्या. जिची कोंबडी खुडूक नसेल तिनं आपली अंडी दुसरीच्या कोंबडीखाली ठेवायची. पिल्लं एकदमच निघतील, एका कुपीत गल्लीचं भागेल. हसा खुशाल, कोंबड्यांना वेळापत्रक लावणारी बाई ती मीच. पण जमलं. दोन वर्षं मर आली नाही आणि माझा भाव आणखी वाढला.

शांता माझ्या भिंतीपलीकडची. नवरा वडगावला मागावर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार. बाकी घरात सासूचं राज्य. त्या घरात ‘हे माझं’ म्हणावं असं शांताकडं कोंबड्यांखेरीज काही नव्हतं. गल्लीत गिरिराज जातीचा कोंबडा आणला तोही तिनंच. त्याची आणि आमच्या गावठी कोंबड्यांची पिल्लं मोठी गमतीची निघायची — अंगानं दांडगी, पळायला गावठीसारखी चपळ, एकाची मान बोडकी तर दुसऱ्याच्या पायाला पिसं. शांता प्रत्येकाला वेगळ्या नावानं हाक मारायची, आणि ती येतही. मी भिंतीवरून बघायचे आणि म्हणायचे, शांता, पोरं पण एवढी ऐकत नाहीत माझी.

आता मुद्द्याचं सांगते. सात वर्षं झाली. शनिवार होता, शाळा सकाळची. जनावरांच्या दवाखान्यातून कुपी घेतली, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ठेवली, थर्मास स्कूटीच्या डिकीत. तिथून तडक घरी यायचं, हा माझाच नियम. पण भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि खडेबाजारात एक साडी बघून ठेवली होती. दहा मिनिटं म्हणून शिरले. तिथं जुनी मैत्रीण भेटली, मग चहा, मग तिच्या साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस... बाहेर आले तेव्हा अडीच तास झाले होते. एप्रिलचं ऊन. डिकी उघडली तर थर्मासचं झाकण नीट बसलेलंच नव्हतं. आत कोमट पाणी, आणि त्यात कुपी. हातात घेतली — माझ्या हाताइतकीच गरम.

लस तापली की मरते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवलं होतं, पोरांकडून घोकून घेतलं होतं. दवाखाना बंद झाला होता, पण सोमवारी दुसरी कुपी मिळालीच असती. गल्लीत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, बायांनो, माझ्या हातून चूक झाली, परवा या. किती सोपं वाक्य आहे, नाही का?

वाटेत उसाच्या रसाचं दुकान लागलं. मी थांबले. रस घेतला नाही, बर्फ तेवढा मागितला. कोमट पाणी रस्त्याकडेला ओतलं, थर्मास नव्या बर्फानं काठोकाठ भरला आणि कुपी त्यात खोचली.

अंगणात बायका पिल्लांच्या बुट्ट्या घेऊन बसल्या होत्या. मी झाकण काढलं तेव्हा शांताच म्हणाली, “बाईंचा बर्फ बघा गं. एवढ्या उन्हातनं आणला, जरासुदीक वितळला न्हाय.” सगळ्या कौतुकानं बघत होत्या. मी म्हणाले, काळजी घ्यावी लागते. पिल्लं धरायला शांताच बसायची, तिच्या हातात पिल्लू फडफडत नसे. ती एकेक पुढं करत गेली आणि मी एकेकाच्या डोळ्यात मेलेल्या लसीचा थेंब सोडत गेले. माझी अकरा धरून चौऱ्याहत्तर पिल्लं.

एवढंच असतं तर मी भित्री म्हणून सुटले असते. भित्री माणसं खूप असतात. पण एवढंच नाही — इथवर येऊन मी दर वेळी थांबते, मनातल्या मनातसुद्धा.

सोमवारी मी पुन्हा दवाखान्यात गेले. दुसरी कुपी घेतली. ह्या वेळी कुठंही न थांबता घरी आले, बर्फ जसाच्या तसा. मागचं दार लावून घेतलं आणि माझ्या अकरा पिल्लांच्या डोळ्यांत थेंब सोडले. फक्त माझ्या. भिंतीपलीकडं शांताची पिल्लं चिवचिवत होती. हाक मारायची तर उंबरा ओलांडायचीही गरज नव्हती. पण सगळ्यांना पुन्हा बोलावलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, परत का? त्या एका प्रश्नाला भिऊन उरलेली एकोणनव्वद पिल्लांची लस मी मोरीत ओतली आणि वर तांब्याभर पाणी सोडलं. ती चांगली होती. ती जिवंत होती.

दोन-तीन आठवडे गेले. शांता माहेरी संकेश्वरला जाऊन आली, येताना बाजारातनं एक तलंग घेऊन आली. काळी, देखणी. चार दिवसांत ती कोंबडी पेंगायला लागली, पाचव्या दिवशी गेली. मग शांताच्या पिल्लांची पाळी. हिरवी-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, मग मान पिळल्यासारखी मागं वळायची आणि पिल्लू जागच्या जागी गोल फिरत राहायचं. शांता एकेक पदरात घेऊन माझ्या दारात यायची. “बाई, काय तरी करा. ह्यो कालपतूर दाणं टिपत हुता वो.” काय करणार होते मी? मी म्हणाले, हळदीचं पाणी पाज. विज्ञानाची बाई. ती पळत जायची, पाजायची, आणि दुसरं पिल्लू घेऊन यायची. आठवडाभरात गल्लीतली त्रेसष्टच्या त्रेसष्ट गेली. परसात खड्डे काढायला जागा उरली नाही. माझी अकरा मात्र दाणे टिपत होती.

मग सगळ्या माझ्याच अंगणात जमल्या. लस तर बाईंनी दिलती, मग आलं कुठनं? शांतानं बाजारची कोंबडी आणली तिथनं. कुणी तिला पांढऱ्या पायाची म्हणालं, कुणी सासूला बोल लावले. शांता खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. “बाई, तुमी शिकल्याल्या हाय. तुमीच सांगा, माझ्या कोंबडीनं आणलं का वो सगळं?”

मी म्हणाले, “बाजारची कोंबडी आणली की आधी वेगळी ठेवायची असते, शांता.”

बघा, ह्यात एक शब्द खोटा नाही. पुस्तकात हेच लिहिलंय. मी खरं बोलून तिचा गळा कापला, आणि तिनं मान हलवून ते मान्य केलं. रोग त्या कोंबडीबरोबर आला असेलही. पण थेंब जिवंत असते तर ती पिल्लं टिकली असती, हे त्या अंगणात मला एकटीलाच माहीत होतं.

संध्याकाळी तिच्या सासूनं खुराडं मोडून चुलीत घातलं. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष बायका शांताला आपल्या परसात पाऊल टाकू देत नव्हत्या. माझी अकरा जगली त्याचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाईंची स्वच्छताच तशी. मी तेही ऐकून घेतलं. नको म्हणाले नाही.

मला आता झोप लागत नाही, जेवण जात नाही, असलं काही सांगणार नाही. लागते झोप. जेवतेही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

लस अजून मीच आणते. राग विसरून बायका शांतालाही बोलावतात, कारण पिल्लं धरावीत तर तिनंच. ती येते, पण स्वतःची एकही कोंबडी तिनं परत पाळली नाही. मागच्या महिन्यात गल्लीत नवीन आलेली एक सून बुट्टी घेऊन आली होती. शांता तिची पिल्लं धरून बसली होती आणि तिला समजावून सांगत होती, अगदी मायेनं. “बाजारची कोंबडी कवाच आणू नको गं पोरी. मी आणलती. माझ्यापायी अख्ख्या गल्लीची पिल्लं मेली. बाईंनी सांगितल्यालं न्हाय ऐकलं मी.”

मी तिला तसं आधी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं तेही आपल्या माथी घेतलं होतं. ती बोलत होती, तिच्या ओंजळीत पिल्लू होतं आणि माझ्या हातात ड्रॉपर. मी पिल्लाच्या डोळ्यात थेंब सोडला आणि म्हणाले, पुढचं दे.