शस्त्रक्रियेच्या टेबलावरची चढाई

कांदिवलीच्या मैदानावर घडलेल्या मुलींनो आणि त्यांच्या आईबापांनो, एका गोष्टीचा आपल्या सर्वांनाच संताप आहे. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावायची आणि तो शुद्धीवर आला की त्याला घरात दडवायचे! आपल्या कबड्डी प्रशिक्षक कुंदाताई तांडेल यांनी ही रीत मोडली. म्हणून त्यांची साठी हा आपल्या सगळ्यांचा सण आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला संघातून काढले. "तुझी चढाई बेकार आहे गं, पण दम सुटत नाही. भाषणं कर." तेव्हापासून मी बोलतेच आहे.

फिट ताईंनाही यायच्या. एकदा भर सामन्यात आली, तेव्हा त्यांना हटवा म्हणून काही पालक अडून बसले. दुसऱ्या दिवशी ताई मैदानावर हजर. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, हे त्यांनी मुलींकडून पकडीसारखे घोटवून घेतले. पालकही गुपचूप शिकले.

पुढे औषधे पुरेनाशी झाली आणि मेंदूची शस्त्रक्रिया ठरली. दोष वाचेच्या भागाला खेटून होता. वाचा गेली असती तर मैदानही गेले असते. म्हणून डॉक्टरांनी त्यांना जागे ठेवून आकडे म्हणत राहायला सांगितले. आकडे म्हणण्याचा ताईंना कंटाळा आला. त्यांनी परवानगी घेऊन "कबड्डी, कबड्डी" सुरू केले. तपासणीची सळई एका जागी टेकताच आवाज तुटला. वाचेची जागा तीच, म्हणून डॉक्टरांनी ती न कापता सोडली. आवाज परतला तशा ताई म्हणाल्या, "दम माझा गेला, पण आउट तुम्ही, डॉक्टर. मागे व्हा."

हे मला डॉक्टरांनीच हसत सांगितले.

घरी आल्यावर काही आठवडे नावे जिभेवर येईनात. प्रत्येक मुलगी "रेश्मा". मग हाक आली की सगळ्यांनीच ओ द्यायची, असे मुलींनी ठरवून टाकले. एका संध्याकाळी सगळ्या एकदम धावून आल्या, तर ताई वैतागल्या, "एवढ्या जणी कशाला आलात? मला फक्त शिल्पा हवी होती ना."

शिल्पा रडली. बाकीच्या नाचल्या.

ताईंची औषधे अजून चालू आहेत, पण फिट थांबल्या आहेत आणि त्यांचे ओरडणे पुन्हा रस्त्यापलीकडे ऐकू येते. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि आमच्या नातींनीही त्यांची बोलणी खावीत.

ताई दर रविवारी सकाळी मैदानावर असतात. फिट येते म्हणून घरी बसवलेली तुमची मुलगी येत्या रविवारी तिथे घेऊन या.