कोना आवाज शे?

मी जात्याच संशयी. भाजीवाल्याने स्वतःहून कोथिंबीर जास्त दिली तरी जुडी उलटी करून बघते. पीएच.डी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी माझ्या स्वभावालाच कामाला लावलं: फोनवर आलेल्या गोष्टी माणसं खऱ्या कधी मानतात आणि संशय कधी घेतात. नंदुरबारच्या कॉलेजात शिकवता शिकवता एवढं सहज होईल, असं वाटलं होतं.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, एकच ग्रुप धरा आणि वर्षभर ऐका. ग्रुप भिंतीपलीकडेच होता. आमच्या शेजारच्या भाभी मिरचीच्या पथारीवर मुकादम आहेत. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. व्यापारी तिथे लाल मिरची वाळत घालतात आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. भाभींच्या हाताखाली तीसेक बायका. उद्या कुठल्या पथारीवर जायचं, टेम्पो कधी येणार, कुणाच्या पोराला ताप आहे, सगळं व्हॉट्सॲपवर. भाभींनी मला त्यात घेतलं आणि बटण दाबून सांगून टाकलं, "ही मन्ही शेजारीन शे. कॉलेजम्हा शिकाडस. आपलीच शे."

संशोधनाचं त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. सांगितलं की लोक जपून बोलतात, असं मी स्वतःला समजावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात वर्षभर पौर्णिमाच होती.

त्या ग्रुपवर कुणी लिहीत नसे. अहिराणी ही बोलायची भाषा, ती लिहिणार कशी? सगळे बोलूनच पाठवत. मागे खोकल्याचे, शिंकांचे आवाज, मध्येच कुणाची तरी कोंबडी. मी ते एकेक करून लॅपटॉपवर उतरवून घेत गेले. एकदा शुद्ध मराठीत लिहिलेला लांबलचक निरोप फिरत आला. अमुक ठिकाणी नाव नोंदवा, महिलांना मदत मिळेल. मला वाटलं, आता सगळ्या धावतील. पण एकीने फक्त विचारलं, "कोना आवाज शे?" म्हणजे हे बोललंय कोण? कुणीच बोललं नव्हतं. निरोप तिथेच मेला. छापील मराठी आली की ती सरकारची, नाहीतर लबाडाची. आवाज ओळखीचा असेल तरच गोष्ट खरी. मी वहीत हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं आणि त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते.

वर्ष संपत आलं तेव्हा मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "संमतीपत्रं कुठे आहेत? सगळ्यांची हवीत, नाहीतर हे वर्ष धरता येणार नाही." मी रविवारी बसून संमतीपत्र तयार केलं. 'सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून...' अशी सुरुवात, खाली सहीची जागा. आणि ते ग्रुपवर टाकलं. लेखी. शुद्ध मराठीत. जे वर्षभर शिकले, ते मलाच लागू होतं, हे डोक्यात आलंच नाही.

ग्रुप गप्प झाला. सकाळी गुलाबाची फुलं, सणाला शुभेच्छा, बाकी काही नाही. सात-आठ दिवस मी वाट पाहिली. मग एका सकाळी भाकरी थापताना भिंतीपलीकडून आवाज आला. ती टेम्पोची वेळ सांगणारी, घोगऱ्या आवाजाची बाई. तो आवाज भाभींच्या फोनवर वाजत होता आणि माझा फोन ओट्यावर मुका पडला होता. मनात पाल चुकचुकली. मी हातातलं पीठ तसंच ठेवून भिंतीला कान लावला. पंचेचाळिशीची बाई, कॉलेजात आदर आहे, आणि शेजारणीच्या भिंतीला कान. पण लावला.

दुपारी मी साळसूदपणे विचारलं, "भाभी, ग्रुप हल्ली शांत वाटतो?"

"मिरचीना हंगाम शे. टाइम कोठे मिळस?" भाभी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. हंगाम तर गेल्या वर्षीही होता.

आता मला सगळीकडे काळंबेरं दिसू लागलं. वर्षभर जे ऐकलं, तेसुद्धा माझ्यासाठी निवडून बोललेलं नव्हतं कशावरून? शेवटी मी पथारीवरच गेले. लाल मिरचीचा ठसका नाकात गेला आणि मी शिंकत शिंकतच त्यांच्यासमोर उभी राहिले. खुडणारे हात थांबले नाहीत. दोन-तीन फोन मात्र ओच्यात गेले.

घोगऱ्या आवाजाची बाई म्हणाली, "मॅडम, आमना आवाज तुम्ही कोले ऐकाडतस?"

कुणालाच नाही, असं मी सांगितलं. अभ्यास आहे, नावं कुठेच येणार नाहीत. कुणी मान वर केली नाही. मी नजरेनेच बायका मोजल्या तर पाच कमी. त्या दुसऱ्या मुकादमाकडे गेल्याचं एकीने सांगितलं. भाभीने ग्रुपमध्ये खबरी बाई आणून बसवली, असं बोललं जात होतं. अजून पाच गेल्या असत्या तर व्यापाऱ्याने भाभींचं काम काढून घेतलं असतं. माझ्या एका कागदाने हे केलं होतं.

भाभींनी मला गोण्यांच्या आडोशाला नेलं आणि स्वतःचा फोन हातात दिला. दुसरा ग्रुप होता, माझ्यावाचूनचा. "ऐक," म्हणाल्या.

पहिले बरेच आवाज माझ्याबद्दलचे. ही मोठ्या साहेबाला ऐकवते. ही आमची नावं पुढे पाठवते. मग त्याच सकाळी भाभींनी टाकलेला एक आवाज आला आणि तो माझा होता. दोन वर्षांपूर्वीचा. आई सुरतेच्या दवाखान्यात होती तेव्हा मी भाभींना पाठवलेला, रडत, माझ्या घरच्या बोलीत. "भाभी, माय बोलत नही. मन्हाकडे देखस, पन वळखत नही. कुंडीसले पानी टाकी देजो." भाभींनी तो जपून ठेवला होता आणि सगळ्या बायकांना ऐकवला होता.

मला भयंकर राग आला. "मला न विचारता?"

"तू आम्हले इचारं व्हतं का?"

लिलावात व्यापारी मिरचीचा ढीग वरून बघत नाही, भाभी हळूच म्हणाल्या. "हात मझार घालना पडस." वरची मिरची दाखवायची असते, खरी आत हात घातल्यावर कळते. तुझं कॉलेजचं बोलणं तसलं, म्हणून मी आतला आवाज काढला, त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी येऊन मी भाभींना समोर बसवलं आणि लॅपटॉपवरचे सगळे आवाज पुसून टाकले. वर्ष गेलं. मार्गदर्शक बाईंना काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. भाभींनी फोन पुन्हा माझ्यासमोर धरला. माझ्या रडण्याखाली नवे आवाज आले होते. "हाऊ आवाज खोटा नही." शेवटचा घोगरा होता.

"मंग वळखं का मायनी तिले?"

त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. भाभींना उत्तर माहीत होतं, पण त्यांनी ते माझ्यासाठी ठेवलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली. मला हे कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही. मी भाभींच्या फोनवरचं बटण दाबून धरलं.

"नही," मी म्हणाले. "मायनी नही वळखं मले."