अजबबंगल्यात भरलेला चुडा

जानेफळहून माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी मेहकरच्या शाळेत मुलांवर ओरडत होतो. "मास्तर, रहीमभाई गेले," तो म्हणाला, आणि माझं ओरडणं अर्ध्यावरच राहिलं. त्याला महिना होऊन गेला. त्या दिवशी रडलो, खोटं कशाला सांगू. आता मात्र त्यांची आठवण निघाली की आधी हसूच येतं...

रहीमभाई आमच्या गावचे मणियार, घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरणारे. आमच्या शेतात विहीर खणताना दगडाची एक देवी निघाली. आईनं तिला न्हाऊमाखू घातलं, लेकीसारखं सांभाळलं. मग सरकारनं ती तेव्हाच्या राजधानीला, नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे संग्रहालयात नेऊन ठेवली. आईनं अन्नपाणी टाकलं. "लेक सासरी गेली अन् माहेरचा चुडाबी नाही तिले," एवढंच ती घोकत राहिली. मी समजावून थकलो. ओट्यावर बसलेले रहीमभाई म्हणाले, "माय, काऊन रडून राह्यली? मी भरून येतो ना तिले चुडा." आईनं त्यांच्याकडून वचन घेतलं आणि मला सोबत धाडलं.

अजबबंगल्याच्या दाराशी रहीमभाईंनी वहाणा काढल्या. "आत देव हायेत नं, मास्तर?" मी नको नको म्हणेपर्यंत मागच्या खेडूतांनीही काढल्या, आणि पायरीवर जत्रेतल्यासारखा ढीग लागला. आत भुसा भरलेल्या वाघालाही त्यांनी अदबीनं सलाम केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची देवी सापडली, पण बांगड्या पुढे करताच पहारेकरी आडवा आला. हात लावायचा नाही, असा हुकूम. रहीमभाई तिथेच मांडी घालून बसले. "तुमचं बरोबर हाये. पण चुडा वापस नेला तं त्या मायले काय सांगू?" पहारेकरीही लेकीचा बाप निघाला. तो खाली बसला. मग रहीमभाईंनीच विचारलं, "देवीच्या नावानं सवाष्णीले जेवू घालता नं तुम्ही? मंग सवाष्णीले चुडा भरला तं तो देवीले पोचत नाही का?" पहारेकऱ्यानं मागच्या खोलीतून बायकोला बोलावलं. देवीसमोर तिचे दोन्ही हात हिरवेगार झाले. गावी परतल्यावर आई पोटभर जेवली.

मग ते दरवर्षीचंच झालं. चुडा भरून झाला की रहीमभाईंना राजधानी पाहायची असे. टेकडीवरचा किल्ला खालूनच पाहत आणि वर पाणी कोण चढवत असेल याची काळजी करत. वाचनालयात चित्रांची पुस्तकं मागून घेत. मला चहाची घाई, ते मात्र एकेका मोरापाशी रेंगाळत. आई गेली, तरी त्यांनी नेम मोडला नाही. लेकीचं माहेर आईसोबत संपत नसतं, म्हणायचे.

परवा मी एकटाच गेलो, रहीमभाईंच्या बायकोनं, बानूभाभींनी, त्यांच्या पेटीतून निवडून दिलेल्या बांगड्या घेऊन. पहारेकऱ्याच्या बायकोचे केस आता पिकलेत. काय झालं ते ऐकून तिनं डोळ्यांना पदर लावला. मग देवीसमोर बसली आणि हात पुढे केला.

"भरा, मास्तर."

"मला कुठं येतं?"

"मंग यंदा तिनं रित्या हातानं राहायचं का?"

मी बसलो. पहिली बांगडी हातातच फुटली. माझा चेहरा पाहून ती हसली. "फुटली नाही म्हणत, वाढली म्हणतात. घ्या दुसरी."

मी दुसरी घेतली.