पुढच्या दाराची पट्टी

आमचे बांबूमिस्त्री गिऱ्हाइकाकडे पाठ करूनच काम करीत. शिरूरच्या कोर्टकचेरीत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याचा पाठीवर विश्वास बसत नाही. कारण विचारले, तर म्हणाले, "तुमी बघाया लागला की हात थरथरत्यात, रावसाहेब."

दौंडला स्टेशनमागच्या एका गॅरेजात ते नोकरीला होते. मोटारीच्या काचेची रबरी पट्टी काढावी ती त्यांनीच. इतर कारागीर पेचकस खुपसून दाराचा रंग खरवडीत. हे गरम पाण्याचा फडका रबरावर धरीत आणि मग बांबूची चपटी कामटी कोपऱ्यातून हळूच सारीत. "रबराला लोखंड दावायचं न्हाई. भेतंय ते," असे म्हणत.

माझ्या जुन्या मोटारीच्या पुढच्या दारातून धूळ येऊ लागली. तिची विलायती पट्टी लांबवून मिस्त्री हलकी बसवणार, असा मला दाट संशय. म्हणून मोटार त्यांच्याकडे नेण्याच्या आदल्या दिवशीच पट्टीची कड उचलून आतल्या अंगाला मी खिळ्याने माझी आद्याक्षरे कोरली. काम झाल्यावर काढलेली पट्टी मागून घेतली. तिच्यावर अक्षरे नव्हती!

"माझी पट्टी कुठे आहे?"

"दारातच हाय की."

"मग ही कोणाची?"

"ही बी तुमचीच. थांबा, दार खोलून दावतो."

साक्षीदार फिरला की अशीच उत्तरे देतो. आरोपीने दाखवलेला पुरावा मी पाहत नाही, असे सुनावून मी घरी आलो आणि मालकास तीन पानी पत्र धाडले. आठवड्याच्या आत मिस्त्रींची नोकरी गेली. मला समाधान वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा धूळ. नव्या कारागिराने पेचकस घालून पट्टी टरकावली, आणि तिच्यावर माझी आद्याक्षरे! काचेला आतून एक व बाहेरून एक, अशा दोन पट्ट्या असतात, हे मला तेव्हा कळले. झिजलेली आतली मिस्त्रींनी बदलून मला परत दिली होती. बाहेरची धड होती, ती धुऊन होती तिथे बसवली होती.

चौकशी न करता माणूस काढणारा तो मालक नालायक. त्याला पत्र लिहिणारा त्याहून. मिस्त्रींच्या केडगावच्या पत्त्यावर मी रजिस्टर पत्र पाठवले. 'गाव सोडून गेले' असा शेरा घेऊन ते परत आले.

फाटक्या पट्टीचा तो तुकडा माझ्या मेजावर आहे. अक्षरांच्या खाचांतली घाण कोणीतरी कामटीच्या टोकाने टोकरून काढलेली दिसते. म्हणजे मिस्त्रींनी ती वाचली होती.